विड्याचा देठ

प्रिय काशी,

'प्रिय' लिहिलं ते पत्राची सुरुवात तशी करतात म्हणून. चौथीत बाईंनी शिकवलेलं तेवढंच डोक्यात राहिलंय. शांताची माया उतू चाललीय असं समजून पदराने डोळे पुसायला घेऊ नकोस. माझा फोन तू उचलत नाहीस, माझ्या मयूरला दारातून परत पाठवलंस, लेक म्हणून पूर्वीशी बोलतेस पण माझं नाव निघालं की फोन ठेवतेस. म्हणून हा कागद. तुला अक्षर लागत नाही, चंदूभाऊच वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. तर चंदूभाऊ, बायकोला राग येईल म्हणून मधलं काही गाळू नका, आणि तिखट आहे ते साखर घालून वाचू नका. जन्मभर तिच्यापुढे मान डोलावलीत, आज एकदा तिच्यासमोर मोठ्याने वाचा.

पहिली गोष्ट. हॉस्पिटलच्या जिन्यात मी तुला जे बोलले त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. माफी मागायला बसलेली नाही मी. लोक वर-खाली जात होते, वॉर्डातली मावशी झाडू थांबवून ऐकत होती, तुझी लेक भिंतीला टेकून रडत होती, सगळं खरं. पण आत तुझा-माझा नातू तापाने फणफणून पडला होता आणि त्याचं पोट ढोलकीसारखं ताणलेलं होतं, तेही खरं. मसाला गल्लीत कांडपावर मिरच्या निवडण्यात उभा जन्म गेला माझा. माझ्या तोंडातून त्या वेळी काय गुलाबपाणी येणार होतं?

आणि तुझी-माझी ओळखच मुळात भांडणाची. लालबागच्या बाजारात तू मासळीची पाटी घेऊन बसायचीस, मी कामावरून सुटले की तुझ्यासमोर उभी राहायचे. मांदेली आत्ताच बोटीतून उतरलीय असं तू शपथेवर सांगायचीस, मी कल्ले उघडून दाखवायचे. तू म्हणायचीस, घ्यायची तर घे नाहीतर पुढे हो, तुझ्या मसाल्यात धणेच धणे, त्यात माझा पापलेट बुडवून त्याची अब्रू घालवणार तू. अख्खा बाजार हसायचा. तरी दुसऱ्या पाटीवरून मी कधी मासळी घेतली नाही, आणि तू दुसऱ्या कुणाकडून मसाला कुटून घेतला नाहीस. मग माझ्या मयूरला तुझी पूर्वी आवडली. मालवण्यांच्या घरात कोळ्यांची मुलगी, म्हणून माझ्याकडे चार तोंडं वाकडी झाली, तुझ्याकडे आठ. ती सरळ करायचं काम मात्र आपण दोघींनी न भांडता केलं. तेवढंच एक.

मनू तुझ्याकडे जन्मला. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात वाद नव्हता. शिवाय तू शीव कोळीवाड्यातली नामांकित. कुणाचं पोर रडायचं थांबत नाही, कुणाचं दूध ओकतं, कुणाची टाळू भरायचीय, की बोलवा काशीबाईला. तू पायांवर पालथं घातलंस की कसलंही किरकिरं पोर आंघोळ संपायच्या आत झोपतं, हे मी घोडपदेवच्या बायकांकडूनसुद्धा ऐकलंय. डोळ्यांनीही पाहिलंय. ते नाही म्हणायला मी आंधळी नाही. मनूला जन्मल्यावर शी झाली नाही. सगळ्या पोरांना पहिल्याच दिवशी ती काळी, चिकट होते, याला दुसऱ्या दिवशीही नाही. नर्सिंग होममधल्या बाईने होईल होईल म्हणून घरी सोडलं. तू विड्याच्या पानाचा देठ खुडलास, एरंडेलात बुडवलास आणि हळूच आत सरकवलास. मनूने तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. आणि भस्सकन सगळं बाहेर. तुझ्या घरात माणसं अशी खूश झाली, जणू मुलगा पुन्हा एकदा जन्मला. मी तिथेच दारात उभी होते. मलाही हायसं वाटलं होतं, नाही कशाला म्हणू.

तिथेच सगळं फसलं, काशी. देठ लावला की शी, नाही लावला की नाही. तू म्हणायचीस, काही पोरांचा कोठा आळशी असतो, चालायला लागला की सुटेल. पूर्वी त्याला घेऊन लालबागला आली तरी दोन-तीन दिवसांआड तू दोन बस बदलून यायचीस, पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. मी तुला म्हटलं होतं, गो, या पोराचं पोट हातपाय मागे टाकून एकटंच वाढतंय. हात बघ, काड्या. पोट बघ, टोपली. तू म्हणालीस, गिरणगावातल्या बायकांना हडकुळ्या पोरांची सवय, आमच्याकडची पोरं अशीच भरलेली असतात. तेव्हाच तुला बाहेर काढायला हवं होतं. लस द्यायला नेलं की डॉक्टरीण विचारायची, शी होते का? पूर्वी सांगायची, होते. खोटं नव्हती बोलत. होत होतीच की. कशी होते हे त्या डॉक्टरणीने विचारलं नाही, आणि सांगावं असं आपल्याकडे कुणालाच वाटलं नाही. देठ लावणं म्हणजे आपल्या बायकांना तीट लावण्यासारखं. कपाळाला तीट लावते हे कुणी डॉक्टरला सांगतं का?

मग तो ताप आला. मनू हिरवं ओकला, डोळे खोल गेले, परळला नेऊन भरती केलं. डॉक्टरने तपासायला बोट घातलं आणि बाहेर काढलं तशी घाण पिचकारीसारखी उडाली, त्याच्या कोटावर, पडद्यावर. खोलीत उभं राहवेना. तो रागावला नाही. कोट पुसत त्याने विचारलं, घरी शी कशी करवता याला? पूर्वीने तुझ्याकडे बघितलं. आणि तू अभिमानाने सांगितलंस, मी देठ लावते म्हणून होते. अभिमानाने, काशी. त्याचा चेहरा बघून तुझा आवाज मध्येच बसला. तो एवढंच म्हणाला की हे पहिल्या आठवड्यात कळायला हवं होतं. त्यानंतर जिना, आणि जिन्यात मी. तुझ्या देठाने माझं पोर मारलं असतंस, हेच म्हटलं ना मी? म्हटलं. आणि तू उलट एक शब्द बोलली नाहीस. बाजारात कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, की काशी उलट बोलली नाही. पाटी उचलावी तशी पिशवी उचललीस आणि खाली उतरून गेलीस.

पुढचं तुला अर्धवट ठाऊक आहे, तेही तुझ्या शेजारणींच्या तोंडून, म्हणून नीट सांगते. डॉक्टरला आतड्याच्या ज्या जन्मजात रोगाचा संशय होता, तो आहे की नाही हे ठरवायला मनूच्या आतड्याच्या शेवटाकडून मुगाएवढा तुकडा काढला. रिपोर्ट आला की काही सांगता येत नाही. तुकडा वरवरचा आला, खालचा थर त्यात आलाच नाही. झालं, तुझ्या शेजारच्या त्या राधेने सगळ्या कोळीवाड्यात बोंब ठोकली, पोराचं मांस कापून बघितलं, काही निघालं नाही, लालबागच्या विहिणीने काशीबाईवर फुकट आळ घेतला. तू त्यात नव्हतीस असं पूर्वी सांगते. नसशील. पण राधेचं तोंड बंद करायला तुला वेळ लागला नसता, ते तू केलं नाहीस. मग पुन्हा मनूला आत नेलं. या वेळी खोलवरचे तुकडे काढले. काही औषधाच्या बाटलीत घातले आणि एक तसाच, ताजा, बर्फावर ठेवून माणूस पळत लॅबमध्ये घेऊन गेला. बर्फ बघून मला तुझी पाटी आठवली, आणि पुन्हा डोकं फिरलं.

रिपोर्ट घ्यायला मयूरबरोबर मी गेले. कागदावर होतं की अमुक पेशी दिसल्या नाहीत. मी खिडकीतल्या माणसाला म्हटलं, पहिल्यांदाही काही दिसलं नव्हतं, आताही दिसलं नाही, मग या खेपेला पोराला कापायला कसे निघालात? न दिसल्याचा कुठे रिपोर्ट असतो? मयूर माझी बाही ओढत होता. रांग खोळंबली होती. मी काही हलले नाही. शेवटी आतून एक तरुण डॉक्टर आला, राजरत्न नावाचा. मला वाटलं वॉचमन बोलावणार. त्याने मला आत नेऊन स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, या, तुम्हीच बघा.

त्याने सांगितलं ते मला जेवढं कळलं तेवढं लिहिते. तुकडा मेणात बसवतात आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकत्या करतात. चकती काचेवर ठेवली की नुसतं पाणी सांडल्यासारखं, काही म्हणून दिसत नाही. रंगात बुडवली की मग उठून दिसतं. एक जांभळा रंग, एक गुलाबी. आधी त्याने कुणाच्या तरी निरोगी आतड्याची काच लावली. डोळा लावला तर गुलाबी जमिनीवर मोठमोठ्या पेशी, तीन-चार मिळून, चाळीच्या कट्ट्यावर बायका बसाव्यात तशा. म्हणे आतडं त्यांच्या सांगण्यावरून पुढे ढकलतं. मग मनूची काच लावली. कट्टा रिकामा. दुसरी लावली, तिसरी लावली. त्याने डब्यातली रांगच दाखवली, सगळ्या चकत्या तपासल्या होत्या त्याने. आपल्या मनूचं आतडं दिसायला छापील वायलसारखं सुरेख, काशी, आणि आत ढकला म्हणून सांगणारं एक माणूस नाही.

तरी मी सोडलं नाही. म्हटलं, बायका कट्ट्यावर नसतील, घरात असतील. तुम्हाला दिसल्या नाहीत म्हणून नाहीतच कशावरून? तो हसला. म्हणाला, म्हणूनच मी एका रंगावर सही करत नाही. मग आणखी एक रंग दाखवला, तपकिरी, जो त्या पेशींना आणि त्यांच्या धाग्यांनाच धरतो, दुसऱ्या कशाला नाही. निरोगी काचेवर तपकिरी ठिपके आणि बारीक रेघा. मनूच्या काचेवर रंगाला धरायला काहीच मिळालं नव्हतं, नुसतं निळसर कोरं. आणि शेवटी तो बर्फावरचा तुकडा. त्याला तिसराच रंग, तो औषधात भिजलेल्या तुकड्यावर चढतच नाही. तिथे उलटं. निरोगी पोराला जिथे धागा दिसलाच तर एखादा, तिथे मनूला जाड जाड तपकिरी धागे, काथ्या पिंजून टाकल्यासारखे. राजरत्न म्हणाला, "आजी, जे असायला पाहिजे ते याच्यात नाही, आणि जे नसायला पाहिजे ते आहे. आता मी खात्रीने लिहितो." मी स्टुलावरून उठले. भांडायला काही उरलंच नव्हतं.

रोग कळला, आता त्याचं पुढचं. जेवढ्या आतड्यात त्या पेशी नाहीत तेवढं कापून टाकायचं आणि वरचं चांगलं खाली ओढून जोडायचं. पोरं बरी होतात, त्यांनी अशी खूप केलीत. पण त्याआधी मनूचं पोट उतरायला पाहिजे आणि अंगावर मांस चढायला पाहिजे. त्यासाठी रोज घरी धुवायचं. मऊ रबरी नळी आत सरकवायची, कोमट सलाईन थोडं थोडं सोडायचं, आणि आतलं सगळं नळीवाटे बाहेर येऊ द्यायचं. जमलं तर एकाच ऑपरेशनात काम. नाही जमलं, पोट असंच चढत राहिलं, तर आधी पोटावर भोक पाडून आतड्याचं तोंड तिथे काढतात आणि शी पिशवीत. मग ते बंद करायला पुन्हा कापायचं. आणि मध्येच पुन्हा तसा ताप आला तर काय, ते डॉक्टर बोलला नाही. मीही विचारलं नाही.

आता आमचं घर ऐक. नर्सने आम्हाला तिघांना शिकवलं. मयूर नळी बघूनच गॅलरीत जाऊन उभा राहिला, पुरुष म्हणायचा. पूर्वीचा हात असा कापतो की पाणी पोराच्या आत कमी आणि गादीवर जास्त. पोर रडायच्या आधी ती रडते. राहिले मी. हातमोजे घालते, तिखट लागायचा प्रश्न नाही. पण जन्मभर मिरचीचे देठ खुडलेली बोटं ही, त्यांना तोडायचं कळतं, सरकवायचं कळत नाही. मनू मला नुसतं मोजे चढवताना बघतो आणि लाकडासारखा ताठ होतो. नळी जात नाही, गेली तर पाणी आत राहतं, बाहेर येत नाही. परवापासून पोट पुन्हा चढलंय, दूध तोंडाशी नेलं की मान फिरवतो. काल दाखवायला नेलं तर डॉक्टर म्हणाला, या आठवड्यात उतरलं नाही तर पोटावर तोंड काढायला घ्यावं लागेल. नर्सने विचारलं, घरात कुणाचाच हात हलका नाही का? पूर्वीने माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे.

त्याच संध्याकाळी पूर्वीने तुला फोन केला हे मला माहीत आहे. तू काय म्हणालीस तेही. एकवीरेची शपथ घेतलीस म्हणे, की आता कुणाच्या पोराला हात लावणार नाही. कोळीवाड्यात कुणाचं बाळ न्हाऊ घालायला जात नाहीस, बोलावणी परत पाठवतेस, पाटीवर बसतेस ती पण खाली मान घालून. पूर्वी हे सांगत होती तेव्हा मी तांदूळ निवडत होते. मनात म्हटलं, बरं झालं, भोग.

पण एक गोष्ट मी गिळून बसलेय, आणि ती मला काही पचत नाही. त्या लॅबमधून निघताना मी राजरत्नला विचारलं होतं, हे सगळं त्या देठाने झालं ना? मला हो ऐकायचं होतं, काशी. हो म्हटला असता तर त्याच कागदावर लिहून घेऊन तुझ्या दारावर चिकटवलं असतं. तो नाही म्हणाला. पोर पोटात असताना त्या पेशी आतड्यातून वरून खाली उतरत जातात, मनूच्या वाटेत मध्येच थांबल्या. ना देठ, ना दृष्ट, ना पूर्वीचं खाणं. मी म्हटलं, मग देठाने काहीच बिघडलं नाही? तर म्हणाला, "देठाने रोग लपला, उशीर झाला, हे खरं. पण तो हात रिकामं करत राहिला नसता तर हे आतडं कदाचित पहिल्या महिन्यातच फुटलं असतं, हेही खरं." मग वर विचारतो, इतके महिने आणि कुठे साधा ओरखडा नाही, कोण लावत होतं? मी सांगितलं, आहे एक कोळीण. तुझं नाव नाही घेतलं. आणि हे तुला कधीच कळू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. कळलं असतं तर पुन्हा बाजारात मान वर करून बसली असतीस.

तर आता कर मान वर आणि ऊठ. ज्या कारणासाठी शपथ घेतलीस ते कारण अर्धं खोटं निघालं, अर्ध्या शपथेचं काय करायचं ते तू आणि तुझी एकवीरा बघून घ्या. हवं तर तिला सांग, लालबागच्या शांताने मोडायला लावली, काय कोपायचं ते तिच्यावर कोप. कागद वाचून झाला की लगेच ये. कागद कुणाच्या तरी हाती वर धाडून मयूर खाली टॅक्सी घेऊन उभा आहे, त्याला मी वर येऊ नको म्हणून सांगितलंय, उगाच पुन्हा दार आपटायची संधी कशाला द्या. विड्याची पानं आणायची नाहीत. देठ पुन्हा कधी लावायचा नाही हे डॉक्टरने बजावलंय, आणि पिशवी मी दारात तपासणार आहे, एक जरी पान निघालं तर तशीच परत पाठवीन. नळी आम्ही उकळून ठेवली आहे. मनू तुझ्या पायांवर ताठ होत नाही, एवढंच मला माहीत आहे, दुसरं काही मला माहीत करून घ्यायचं नाही. आधी त्याचं पोट उतरव. ते उतरलं, की मग आपण दोघी त्या जिन्यात जाऊ. माझं बोलून झालंय. तुझी उलट बोलायची पाळी राहिलीय.

दुसऱ्या पाटीवर कधी न गेलेली,
तुझीच,
शांता